चूल कुणाच्या नावाने

पाथर्डी,
ता. ८ एप्रिल १९४५

चि. छगन यास मुक्ताअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल असे लिहायची सोय राहिली नाही. परवा आमच्या सासूबाई आडावर पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड दुखावले. हाडवैद्याने पट्ट्या बांधून पावसाळा लागेपर्यंत खाटेवरून उठायचे नाही असे बजावले आहे. प्रकृती बरी आहे, जीभ तर पहिल्यापेक्षाही बरी आहे, पण त्यांना सोडून मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येणार नाही. तेव्हा मे महिन्यात भंडारदऱ्याला मी येत नाही. लिहिताना फार वाईट वाटते आहे.

बंगला मात्र सोडायचा नाही. धरणाजवळचे ते घर मिळवायला मी संक्रांतीपासून पत्रे घालते आहे. आई गेली, मग दादा गेले, आणि तिसगावच्या आपल्या घराला कुलूप लागले. तू नगरला माळीवाड्यात एका खोलीत संसार मांडलास, गोजर सुप्याला भरल्या घराच्या रगाड्यात अडकली. आपण भावंडे एका छपराखाली निजलो त्याला किती काळ लोटला, तूच आठव. मी नसले तरी तुम्ही दोघे तरी भेटा.

अडचण एकच आहे. बंगल्याची राखण जैनुद्दीनभाई म्हणून एक गृहस्थ करतात. त्यांची रीत अशी, की घर ते पुरुषाच्या ताब्यात देतच नाहीत. मंडळी येऊन गेली की तांब्याची भांडी लई कमी व्हायची आन् जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवायचा, असे त्यांनी पोस्टमास्तरांकडून लिहवून मला कळवले होते. म्हणून आता एका बाईचे नाव आधी द्यायचे. चुलीत पहिला विस्तव तिने घालायचा, किल्ली आणि भांडी तिच्याकडे, बाकी सगळे तिचे पाहुणे. मी माझे नाव दिले होते, ते आता बदलायला हवे. कुणाचे घालायचे ते तू ठरव आणि जैनुद्दीनभाईंना व गोजरला कळव.

थोडे घासलेट आणि गूळ येणाऱ्या माणसाबरोबर पाठवीन. तुमच्या रेशनावर माझा भरवसा नाही. चि. सौ. रतनला आशीर्वाद. लोभ आहेच, तो लांबून वाढतो की आटतो ते या उन्हाळ्यात कळेल.

तुझी
मुक्ताअक्का

---

अहमदनगर,
ता. १५ एप्रिल १९४५

ती. सौ. गोजरताईस छगनचा शि. सा. न. वि. वि.

अक्काच्या सासूबाईंचे तुला कळले असेलच. ती नसल्याने चुकल्यासारखे होईल, पण तिने सोपवलेले काम मी पूर्ण विचाराने पार पाडले आहे. शाळेत वर्गाचा मॉनिटर नेमताना जो नियम पाळतो तोच इथे पाळला. अक्कानंतर वडीलकी तुझी. तेव्हा भंडारदऱ्याच्या घराची धनीण म्हणून जैनुद्दीनभाईंना तुझे नाव कळवून टाकले. चूल तुझी, किल्ली तुझी, मी आणि रतन तुझे पाहुणे. लहानपणी भातुकलीत तू मला नेहमी पाहुणा करायचीस आणि पानात वाळू वाढायचीस. या खेपेला निदान भात वाढ.

मोटारी अजून कोळशावरच चालतात. संगमनेरच्या पुढे चढ आला की उतारूंना खाली उतरून ढकलावे लागते म्हणतात, तरी सामान बेताचे घ्यावे. तुला स्वयंपाकाला काय काय लागेल ते लिही, म्हणजे इथून जमवतो. रतनला मी सांगितले, की मे महिन्यात तुला सुट्टी, आपण ताईच्या हातचे जेवू. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. आनंद झाला असावा.

घरातील वडील मंडळींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. धाकट्यावर माया कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा
छगन

---

सुपा,
ता. १९ एप्रिल १९४५

चि. छगन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. मान दिलास, तोही पोचला. पण माझे येणे होईलसे वाटत नाही. कांद्याची काढणी चालू आहे. म्हैस आज-उद्या व्यायची आहे. मुलांना ऊन बाधते. जैनुद्दीनभाईंना माझे नाव काढून टाकायला कळव. तुम्ही उभयतांनी जाऊन यावे आणि धरण कसे आहे ते मला लिहावे.

सर्वांस यथायोग्य. लोभ असावा.

गोजर

---

पाथर्डी,
ता. २५ एप्रिल १९४५

चि. सौ. रतनबाईस मुक्ताअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी मुद्दाम तुझ्या नावाने घातले आहे. छगनने गोजरचे कार्ड माझ्याकडे पाठवले आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक मोठे प्रश्नचिन्ह काढले. मास्तर झाला म्हणून काय बहिणीचे पत्रही तपासायचे?

पण कोडे मलाही सुटत नाही. फेब्रुवारीत बंगल्याचे कळवले तेव्हा याच गोजरचे मला लांबलचक उत्तर आले होते. धरणात मासे किती, रात्री थंडी पडते का, बसायला ओसरी आहे का, एवढे सगळे विचारले होते. आणि आता म्हशीचे निमित्त. तिच्या घरी राबायला माणसे काही कमी नाहीत. म्हैस तिच्यावाचून अडायची नाही.

मी इथे खाटेपाशी बसून तर्क करते. आधी वाटले, सासूने मोडता घातला असेल. पण ती माउली तशी नाही, फेब्रुवारीत तिनेच हो म्हटले होते. मग वाटले, मी येत नाही म्हणून रुसली. तसे असते तर तिने मला चार शब्द सुनावले असते, गप्प बसली नसती. वाळूच्या थट्टेचा राग आला म्हणावे तर वाळू तिनेच वाढली होती. आमच्या सासूबाईंचा तर्क असा, की त्या बंगल्यात विंचू निघतात हे तिला कुणीतरी सांगितले असणार. त्यांना सगळीकडे विंचूच दिसतात.

तू बाहेरून आलेली, तुला कदाचित आमच्यापेक्षा स्वच्छ दिसत असेल. काय झाले ते शोधून काढ आणि मला कळव. छगनला इतक्यात काही बोलू नकोस, तो लगेच नियम सांगत बसेल. तुझ्यावरचा माझा लोभ तुला ठाऊक आहे, उत्तर लवकर आले तर तो वाढेल.

मुक्ताअक्का

---

अहमदनगर,
ता. ३० एप्रिल १९४५

ती. सौ. मोठ्या वन्संस रतनचा शि. सा. न. वि. वि.

शोधायला लागले नाही. ज्या दिवशी यांनी ते पत्र पेटीत टाकले त्याच दिवशी मला धाकधूक वाटली होती. तेव्हाच बोलले असते तर बरे झाले असते.

रागावू नका, पण तुम्हाला हे कळणार नाही, कारण तुम्हाला बोलावणे लागत नाही. तुम्ही भाकरीचे गाठोडे घेऊन आमच्या खोलीत येता आणि चप्पल काढायच्या आधी मला कामे सांगता. मला ते आवडते. धाकट्या वन्सं तशा नाहीत. भाऊ मूळ म्हणून न्यायला आल्याशिवाय त्या यायच्या नाहीत. आणि मामंजी गेल्यापासून आम्ही मूळ पाठवलेच नाही. एका खोलीत निजवायचे कुठे, म्हणून राहिले. पुढच्या सणाला पाहू, म्हणून राहिले.

बंगल्यावर तुमचे नाव होते तोवर ते त्यांचे माहेर होते. थोरल्या बहिणीच्या घरी चार दिवस बसून जेवू, कुणीतरी वाढील, एवढ्यासाठी त्या निघाल्या होत्या. यांनी मोठा मान म्हणून त्यांच्याच हातात पळी दिली. सुप्याची चूल सोडून भंडारदऱ्याची चूल फुंकायला कोण मोटार ढकलत जाईल?

मला कसे कळले म्हणाल, तर माझ्या माहेरीही आता भावजयीचे राज्य आहे. मागच्या नागपंचमीला मूळ आले नाही, तेव्हा मी यांना सांगितले की मलाच जायचे नाही, दळणे राहिलीत. अशा वेळी बायकांना कामे फार निघतात.

तुम्ही नको म्हणाला होता, तरी मी यांना सांगितले. दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग मी जैनुद्दीनभाईंना कार्ड टाकून धनीण म्हणून माझे नाव घातले, आणि आज सकाळच्या मोटारीने यांना सुप्याला मूळ म्हणून पाठवले आहे. वन्संच्या सासूबाईंसमोर काय बोलायचे ते पाठ करून घेतले आहे. पण वन्सं येतील का, खरेच सांगता येत नाही. इतक्या वर्षांनी गेलेले मूळ त्यांनी दारातून परत पाठवले तर तो त्यांचा हक्क आहे. तसे झाले तर मी त्या घरात चूल पेटवणार नाही, जैनुद्दीनभाईंना किल्ली ठेवून घ्या म्हणून कळवीन.

तुमच्या सासूबाईंना नमस्कार. बंगल्यात विंचू नाहीत असे सांगा. आजवर दिलीत तशीच माया द्यावी.

आपली
रतन

---

भंडारदरा,
ता. १९ मे १९४५

ती. सौ. मुक्ताअक्कास गोजरचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सासूबाई आता उशीला टेकून बसतात हे वाचून बरे वाटले. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. जर्मनीची लढाई संपल्याचे मोटारवाल्याने सांगितले, पण मोटार आपली कोळशावरच आली.

छगन सुप्याला आला तेव्हा मी कांद्याची पात कापत बसले होते. हा अंगणात टोपी सारखी करून उभा. सासूबाईंनी विचारले, कुठल्या माहेरी नेतोस बाबा, तिसगावच्या घराला तर कुलूप हाय. हा गडबडला. रतनने पाठ करून घेतलेले सगळे विसरला. मग एकदम म्हणाला, की रतन जिथे चूल पेटवील तिथे ताईचे माहेर, आणि लगेच माझ्याकडे वळून विचारू लागला की बरोबर म्हणालो का. सासूबाई हसल्या. त्या हसल्या की हो समजायचे. मी घरात गेले आणि रांजणाआड तोंड करून रडले. अक्का, दादा गेल्यापासून त्या अंगणात मला न्यायला कुणी उभे राहिले नव्हते. परत पाठवायचे माझ्या मनातही आले नाही.

इथे पाणी इतके आहे की आपल्याकडे कुणाला सांगितले तर खोटे वाटेल. जैनुद्दीनभाईंनी दारातच आम्हा दोघींकडे पाहून विचारले, की धनीन कोन. रतन पदर खोचून पुढे झाली. त्यांनी एकेक भांडे वाजवून तिच्या हवाली केले. त्यांच्या बायकोने, मेहताबबींनी, आपल्या चुलीतला विस्तव आणून दिला.

पण पहिले काही दिवस मला फार जड गेले. बसून राहायचे म्हणजे काय करायचे तेच कळेना. मी उठून स्वयंपाकघरात जाई, रतन मला हात धरून पुन्हा ओसरीवर आणून बसवी. ती वाढायची, मी छान झाले आहे म्हणून जेवायची. दोघीही फार गोड बोलत होतो. पुढे पुढे मला भीतीच वाटू लागली. नाव बदलले, मूळ आले, सगळे रीतसर झाले, तरी मी रतनकडे पाहुणी म्हणून आले होते, माहेरी काही आले नव्हते. एकदा तर वाटले, सुप्याला परत जावे.

परवा तिने आमटी केली. पहिल्या भुरक्याबरोबर माझ्या तोंडून निघून गेले, की ही आमटी म्हणायची की धरणाचे पाणी, आमच्या आईने ही म्हशीपुढे ठेवली असती. छगनचा घास हातातच राहिला. रतनने पळी खाली ठेवली आणि म्हणाली, की वन्सं, एवढा तोरा असेल तर उद्यापासून तुम्हीच करा. मी म्हणाले, मी का करू, मी माहेरी आले आहे.

बोलून गेले आणि मग माझे मलाच ऐकू आले. सासरी आजवर मी कुणाच्या हातच्या घासाला नाव ठेवलेले नाही. तिथे पानात जे येईल ते चांगलेच असते. रतन उठून आत गेली. थोड्या वेळाने पाट्यावर मिरच्या रगडल्याचा आवाज येऊ लागला. दुसऱ्या दिवशीची आमटी इतकी जहाल होती की छगनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मी तिलाही नावे ठेवली आणि पुन्हा पुन्हा मागून घेतली. आता रोज जेवताना आमची जुंपते. बरोबर आणलेली माझी मुलेही घाबरायची थांबली आहेत.

तू नाहीस याची रोज आठवण निघते. पण खरे सांगू का? तू असतीस तर रतनशी भांडायला तूच पुढे झाली असतीस, आणि मी आपली कौतुकाने गप्प जेवत बसले असते. माझ्यावर लोभ ठेवतेसच, तो तसाच ठेव, आणि हे वाचून हसू आले तर सासूबाईंनाही सांग.

तुझी
गोजर