तापलेल्या पायऱ्यांवरचं पाणी

आमगाव

प्रिय उर्वशी,

मेक्सिकोहून घरी सुखरूप पोहोचली, पाय तेवढे अजून सुजलेले आहेत. तू रोज फोनवर विचारून राहिलीस, आई, फेलिपेबद्दल काही बोलत काऊन नाहीस? अगं, तुझे बाबा असते तर त्यांच्यावर ढकलून मोकळी झाली असती. आता पोर त्याला द्यायची की नाही, ते मलाच एकटीला ठरवायचं. तुझे काकाजी तर दारातच विचारते झाले, आपल्या पोवारांत पोरांचा दुष्काळ पडला काय?

तिकडच्या माया नावाच्या लोकांचं ते जुनं नगर पाहायला नेलंस, तेव्हाच मला शंका आली होती. सारी दुनिया नावाजलेल्या जागी जाते, आणि माझी पोर मला नेते रानातल्या ओसाड देवळाशी, जिथे आपण तिघं आणि उन्हात पसरलेल्या घोरपडी! गर्दीत आई लग्नाचं ऐकणार नाही, हे तुला ठाऊक. लबाड कुठली!

मला वाटलं होतं, ते लोक कधीचेच संपले. तू ते फेलिपेला सांगितलंस तर तो हसला. म्हणाला, माझी आई आजही त्यांचीच भाषा बोलते, आणि आत्ता तुमच्यासाठी मक्याच्या पोळ्या भाजून राहिली असेल. मी ओशाळलीच.

देऊळ म्हटल्यावर मी चपला काढल्या. तू ओरडलीस, आई, इथे कोणी पूजा करत नाही, घाल त्या! दगड तव्यासारखा तापलेला, पण ऐकेन तर मी कसली! फेलिपेनं आपले बूट काढले आणि बाटलीतलं पाणी माझ्यापुढे पायरीपायरीवर शिंपडत वर चढला. स्वतःला घोटभरही ठेवलं नाही. वर मी जंगलाकडे तोंड करून बसली, तुला वाटलं रागावली. रडत होती गं मी. तुझ्या बाबांनंतर माझा इतका जीव कोणी जपला नव्हता.

काल काकाजींना सांगून टाकलं. लोक बोलतील म्हणे. बोलू द्या, दोन दिवस बोलतील, तिसऱ्या दिवशी पंगतीला बसतील. आता हे पत्र तू फेलिपेला समजावून सांग, आणि तो त्याच्या आईला तिच्या भाषेत सांगेल. विहीणबाई, माझी पोर तुमच्या पदरात घालते. रीतीनं मीच तुमच्या दारी यायचं, पण गुडघे नाही म्हणतात. उर्वशी, कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळद दिसलीच असेल तुला. फोनला हळद लावता येत नाही, म्हणून पत्र लिहिलं.

तुझीच,
आई