मडक्यातला भाडेकरू

प्रिय खारूताई,

फोनवर तू माझ्या गोळ्यांची चौकशी करतेस, मी तुझ्याकडच्या हवेची करतो, आणि मग घाईघाईने फोन तुझ्या आईकडे देऊन टाकतो. म्हणून ही बातमी पत्रातून. आपल्या घरात तेवीस पिल्लं झाली आहेत. चष्मा पुसून दोनदा मोजली. तेव्हापासून छाती काढून घरभर फिरतो आहे, जणू अंडी मीच राखली.

पिल्लं माशाची. तुझ्या दादाने घर बदललं तेव्हा त्याची काचेची टाकी आमच्याकडे आली, हे आईने तुला सांगितलं असेलच. तिच्यात सहा चंदेरी मासे दिवसभर मिरवत असतात, शाळा सुटल्यासारखे. तळाशी मात्र एक तपकिरी मासा आहे, तोंडाभोवती मिशांचं जंगल असलेला. आला त्याच दिवशी आडव्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात शिरला तो शिरलाच. त्याची बायको निदान संध्याकाळी काचेला चिकटून शेवाळ खाताना दिसायची. याचं नखही दिसेना. तुझ्या वहिनीने त्याचं नाव ठेवलं भाडेकरू. भाडं नाही, दर्शन नाही, जागा मात्र सोडत नाही, असं तिचं म्हणणं.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. आवडलेली गोष्ट चारचौघांना दाखवल्याशिवाय मला घास जात नाही. शाळेत गुरुजींनी नवी कविता शिकवली की घरी पोचेपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला मी ती ऐकवायचो. नकाशांच्या कचेरीत सदतीस वर्षं नद्या रेखल्या, त्याही कविता पुटपुटतच. आणि माझ्याच टाकीतला मासा मला तोंड दाखवत नाही म्हणजे काय? दिवा लावून पाहिलं, काचेवर टिचक्या मारल्या, चालीवर दोन कविताही म्हणून झाल्या. तो आणखी आत गेला.

मग एका रविवारी वहिनी आली आणि नाक मुरडून म्हणाली की तो कधीच मेला असणार. ते मला फार लागलं. बाही सारली, टाकीत हात घातला आणि मडकं उचलून तिच्यासमोर धरलं. भाडेकरू चांगला जिवंत होता. त्याच्या पोटाखाली नारिंगी मण्यांसारखा अंड्यांचा घोस होता आणि मडक्यात उरलेल्या ओंजळभर पाण्यात तो शेपटीने त्यांना वारा घालत होता. चार-पाच मणी माझ्या बोटांवरून ओघळून टाकीत पडले. आईने माझं मनगट धरून मडकं परत पाण्यात ठेववलं.

तसाच ओल्या बाहीने मी माशांच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई बोलायला भारी कंजूष. सगळं ऐकून म्हणाल्या, "आजोबा, आधी हात खिशात घाला." मग समजावलं की या जातीत अंडी बाप राखतो. तितके दिवस तो खात नाही, बाहेर येत नाही. तो लपलेला नसतो, कामावर असतो. पुन्हा छेडलंत तर सगळं टाकून देईल. टाकीवर कापड घाला आणि दहा दिवस तिकडे बघू नका.

दहा दिवस मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीच्या ओलीत मला तीन नद्या आणि एक बेट सापडलं. तिसऱ्या दिवशी आई चादरींच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "खारूलाही असंच उचललं होतंत."

मी विसरलो नव्हतो ग, फक्त गोड करून ठेवलं होतं. तू दहा वर्षांची. चादरींच्या कपाटात खालच्या कप्प्यात वही घेऊन बसायचीस, दार ओढून. माझे साहेब चहाला आले आणि मी तुला दंडाला धरून बाहेर काढलं, हाताची घडी घालून उभं केलं आणि माझी आवडती कविता म्हणायला लावली. दोन ओळींवर तू थांबलीस. मी तिसरी सांगितली, मग चौथी, आणि मग रंगात येऊन शेवटपर्यंत मीच म्हटली. टाळ्याही मीच घेतल्या. त्यानंतर तुझी वही मला कधी दिसली नाही. सुटला असेल लिहिण्याचा नाद, असं मी समजून चाललो.

अकराव्या दिवशी सकाळी कापड काढलं. काचेवर तिळाएवढ्या मिशाळ ठिपक्यांची रांग होती, आणि भरउजेडात, टाकीच्या मधोमध, भाडेकरू काकडीच्या फोडीवर ताव मारत होता. कोणी बोलावलं नव्हतं. मी वहिनीला फोन करून तिचे शब्द तिला परत केले, तेवीस वेळा. आई हसली. मग उठून कपाटापाशी गेली, खालच्या कप्प्यातून चादरीखालचं एक पातळ पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आता द्यायला हरकत नाही."

वर्षभर ते तिथे होतं. 'बाबांना दाखवू नकोस' असं तू बजावलं होतंस, तेही तिने सांगितलं. तेव्हा आधी तिची शिक्षा मला दे. मुखपृष्ठावरचं तुझं नाव मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग सातव्या पानावर ते कपाट भेटलं. 'दार लावून घेतलं, तेव्हा कळलं खोली केवढी मोठी आहे.' खारूताई, आयुष्यभर मी कविता पाठ केल्या, पण त्यातल्या एकीनेही मला असं हाताला धरून आत नेलं नव्हतं. तू तिथे लपलेली नव्हतीस.

एकोणतीसपैकी अकरा कविता माझ्या पाठ झाल्या आहेत, या वयात, एकही शब्द न गाळता. काल टाकीसमोर म्हणून पाहिल्या, हळू आवाजात. भाडेकरू आत गेला नाही. आता तुझी परवानगी हवी, त्यासाठीच हे पत्र. तू येशील तेव्हा घरात पाहुणे नसतील, वहिनीलाही सांगणार नाही. तू माझ्या खुर्चीत बस. मी हाताची घडी घालून समोर उभा राहीन आणि सातव्या पानावरची म्हणेन. अडखळलो तर पुढची ओळ सांगू नकोस. मला आठवेपर्यंत थांब.

तुझाच, आणि आता मध्ये न बोलणारा,
बाबा