रतीने न लिहिलेलं पत्र

मु. कोरीट
मंगळवार, ता. १८ फेब्रुवारी १९६४

चि. सुकलाल यास आईचे पोटभर आशीर्वाद. तू सुरतेला सुखात आहेस असं मी धरून चालते. दुःखात असलास तरी कळवणारा तू नव्हेस, बापावर गेला आहेस.

अक्षर निराळं दिसेल. एरवी माझी पत्रं लिहिणाऱ्या तुझ्या रतीच्या हाताला काही झालेलं नाही. हे पत्र मुलींच्या शाळेतल्या सरलाबाई लिहीत आहेत. साठी उलटल्यावर मी शाळेची पायरी चढले, तुझ्या बापाने पाहिलं असतं तर महिनाभर चिडवलं असतं. बाईंना बजावलं आहे की मी बोलेन तेच लिहायचं, धुऊन नीळ घालून पाठवायचं नाही. त्या हसतात. हसू दे, पुढे हसण्यासारखं फार नाही.

कापसाची दुसरी वेचणी झाली. म्हैस आटली. माझे गुडघे माझ्याआधी म्हातारे झाले.

तुझी बायको सिंधू भावाच्या लग्नाला माहेरी, प्रकाशा गावी गेली, असं मागच्या पत्रात होतं. तिच्या भावाला दोन पोरं आहेत, सुका. कसलं लग्न? तुझ्या डोक्यात त्या सुरतेच्या जिनिंग गिरणीचा कापूस भरला आहे की काय? ती धाकट्या मीनाला घेऊन गेली आणि परत येत नाही.

ते रतीने लिहिलं, पण मी सांगितलं म्हणून लिहिलं. त्याच्याच हाताने त्याची गाऱ्हाणी कशी लिहून घ्यायची? दोन वर्षं तो 'सर्व खुशाल' लिहीत गेला आणि मी समोर बसून मान हलवत गेले.

आधी मीही खोडीच म्हणत होते. तेरा वर्षांचा पोर, उनाडणारच. शेजारणीची कोंबडी मेली तेव्हा मुंगसाचं नाव घेतलं. वासराच्या शेपटीला तार आवळलेली सापडली तेव्हा गुराख्याला बोलले. बिचारा गुराखी. खोटं तर रती असं बोलतो की मी माझ्याच डोळ्यांवर संशय घेते. आणि पकडला गेला तरी डोळ्यांत काही नाही. राग नाही, लाज नाही.

दिवाळीला तू त्याला खांबाला बांधून चाबकाने मारलंस आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसलास. तिसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या मळ्यातल्या हिंमतरावाच्या चाळीस केळी कापल्या. घड कोवळे होते, खायला नव्हे. नुसत्या आडव्या केल्या आणि घरी येऊन शांतपणे जेवला. ते मी तुला कळवलं नाही. तू परत येऊन मारशील म्हणून.

त्याऐवजी मी माझं डोकं चालवलं. मी त्याला वाहरूकडे नेलं, डाग द्यायला. पोट फुगलेल्या पोरांना तो तापल्या विळ्याचा डाग देतो, तुलाही तान्हेपणी दिला होता. वाहरूने रतीचं पोट दाबून पाहिलं, म्हणाला, आजी, याच्या पोटात काही नाही, हे माझं काम नाही. तो माझ्यापेक्षा शहाणा निघाला. मीच हट्ट धरला. म्हटलं, याच्या अंगात काहीतरी शिरलं आहे, ते बाहेर काढ. दोन डाग दिले. पोर ओरडू नये म्हणून तोंडावर पदर दाबला आणि दोन्ही हात धरले, ते मी.

बाईंचा हात थांबला होता. लिहा म्हटलं.

त्यानंतर वीस दिवस रती गरीब गायीसारखा होता. मी गावभर सांगत हिंडले. मग संक्रांतीच्या आधी, भरदुपारी, सिंधू पाणी आणायला गेली असताना मीनाची किंकाळी आली. मी धावले. त्याने चुलीत विळा तापवला होता. मीनाला मांडीखाली दाबून तिच्या तोंडात लुगड्याचं फडकं कोंबलं होतं. पोटावर एक डाग देऊन झाला होता. मला पाहून तो दचकलाही नाही.

"मोठी माय, तिन्हा आंगमा बी ते शे. मी काढी ऱ्हायनू."

तिच्याही अंगात ते शिरलं आहे आणि तो काढतो आहे, म्हणे. चार वर्षांची पोर. जखम भरली आहे, पण सिंधूचा निरोप आहे की विळा दिसला की पोर मुतते. सिंधूचे भाऊ म्हणतात, पोराला धुळ्याला सुधारगृहात टाका, नाहीतर बहीण नांदायला येणार नाही. मी त्यांना काय म्हणू?

आता जे बोलायचं होतं ते. मला त्याची भीती वाटते. माझ्या नातवाची. विळे, कोयते, अडकित्तासुद्धा मी कोठीत कुलपात घातले आहेत. सुपारी दगडाने फोडते. तो मागून आला की मी भिंतीला पाठ लावते आणि लुगडं सावरल्याचं सोंग करते. त्याला ते कळतं. परवा तो म्हणाला, "मोठी माय, तू मन्हाकडे पाठ काब करत नही?" पाठ का करत नाहीस, हे हसत विचारलं. मी पण हसले. पाठ भिंतीलाच ठेवली.

सरलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कधीपासून, कुणाला, कुणी बघत नसतानाही का, असं एकेक विचारलं. त्या म्हणतात, ही नुसती खोडी नाही आणि भूतही नाही. हे मार देऊन जात नाही, वाढतं. त्याला लहान पोराबरोबर क्षणभरही एकटं सोडायचं नाही. नियम थोडे ठेवायचे, आधी सांगायचे, आणि मोडला तर शिक्षा त्याच दिवशी, लहान, न ओरडता. चांगलं केलं तर तेही तोंडाने म्हणायचं. हे मला सगळ्यात जड जातं.

हिंमतरावाकडे त्याला केळीचे मुनवे, बुंध्यालगतचे कोंब, लावायला पाठवलं, चाळीसच्या चाळीस. मी बांधावर बसून होते. अकरा नीट लावले, बारावा पायाने चिरडला. मी ओरडले नाही. अकरा चांगले लावलेस म्हटलं, आणि बारावा पुन्हा आण म्हटलं. बराच वेळ तो माझ्याकडे बघत राहिला. मग गेला, आणि आणला.

एवढंच आहे माझ्याकडे, सुका. एक मुनवा. यावर त्याला धुळ्याला पाठवू नका असं म्हणायचं की नाही, मला कळत नाही. एकटीने हे होणार नाही. हंगाम सोड आणि ये. चार दिवसांसाठी येणार असशील तर नको येऊस. आणि हात उचलणार असशील तर मी मधे उभी राहीन, मग मोड माझी हाडं.

हे पत्र रती टपालपेटीत टाकणार नाही, मी टाकेन. पण आत काय आहे ते त्याला आज सांगणार आहे, डागाचंसुद्धा. माझं चुकलं हेही सांगणार आहे. तो काय करेल ते माहीत नाही.

एकाच उंबऱ्यात बसून तुझी वाट बघणारी आणि त्याच्यावर पाळत ठेवणारी,

तुझी माय