समोर बसून शिकलेली गिटार

प्रिय दादा,

हे पत्र लिहायला बसते आणि उठते. खिडकी उघडते, रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचते, खिडकी लावते, पुन्हा बसते. तुला सांगून आले की ऑफिसचं ट्रेनिंग आहे. ट्रेनिंग कसलं डोंबलाचं! ज्या गोष्टीला तू साफ नाही म्हणालास, तीच करायला आलेय. भडकू नकोस. आधी हसून घे: तुझी बहीण गिटार शिकतेय.

लॉजच्या खाली वाद्यांचं दुकान आहे. काचेवर कागद चिकटवला होता, अगदी नवख्यांसाठी तीन दिवसांचा वर्ग. खोलीत जीव रमेना म्हणून शिरले आत. मागच्या खोलीत घडीच्या खुर्च्या, सगळ्यांच्या मांडीवर एकेक गिटार, आणि कुणालाच काही येत नाही, त्यामुळे बरं वाटलं. शेजारी एक रिटायर्ड बसड्रायव्हर होते. ते तारा अशा दाबायचे की जणू ब्रेकच. शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची, पण नजर करडी. तिनं गिटार दिली आणि मी ती उलटी धरली. तिनं विचारलं, डावखुऱ्या आहात का? मी म्हटलं, छे. तिनं सुलटी करून दिली, ती बोलता बोलता परत उलटी झाली. ड्रायव्हरकाका हसून हसून लाल!

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तू पलंगावर बसून वाजवायचास आणि मी समोर जमिनीवर. जवळ फिरकायची सोय नव्हती, गिटारला हात लावला तर खैर नव्हती. ‘शेपूट’ म्हणून हाकलायचास, तरी मी दारातून परत यायचे. तुझ्याकडे बघत हवेत बोटं हलवायचे. आरशात दिसतं तसं सगळं उलटं पाठ झालंय माझं. तुझा उजवा हात जे करायचा, ते माझा डावा करायला बघतो. त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिला हसावं की रागवावं कळेना.

बोटं सोलवटून निघाली. काल रक्त घेणाऱ्या नर्सनं ती पाहिली आणि विचारलं, हे काय करून घेतलंत? हो दादा, रक्त. आठवडाभर तेच चाललंय, रक्त, फोटो, या मजल्यावरून त्या मजल्यावर. जेवताना मी माझी किडनी द्यायचं काढलं आणि तू ‘विषय बंद’ म्हणून ताटावरून उठलास. तुझ्यापुरता बंद झाला असेल. तुझे रिपोर्ट वहिनीनं मला गुपचूप पाठवले. तिला बोलू नकोस, बिचारी फोनवर नुसती रडत होती. ज्या हातानं तू सूर धरायचास त्याच हातात दिवसाआड सुया टोचून तुला त्या डायलिसिसच्या मशीनला बांधलेलं बघवत नाही मला. घरात गिटार आहे आणि ती वाजत नाही, हे तर अजिबात सहन होत नाही. मला भीती वाटते रे. ऑपरेशनची थोडी, तुझ्या ‘नाही’ची जास्त. तू नाही म्हणालास की मी आजही दारापर्यंत जाते.

आज दुपारी डॉक्टरांचा फोन आला. जुळतंय. सगळं जुळतंय, दादा! फोन ठेवला आणि धावत खाली वर्गात गेले. गिटार सुलटी धरली आणि एक कॉर्ड चक्क नीट वाजली. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस. मी इथेच थांबलेय, वहिनीला तुझी बॅग भरायला सांगितलीय. गिटारला हात लावू नकोस म्हणालास, ते मी इतकी वर्षं ऐकलं. हे ऐकणार नाही. ये. येताना गिटार घेऊन ये. आपण दोघं बरे झालो की मला पहिल्यापासून शिकव. पण आता मी समोर जमिनीवर बसणार नाही, तुझ्या शेजारी बसणार आहे.

तुझीच,
शेपूट