विमानावरची ताई

प्रिय ताई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. तुझा लेक वर्कशॉपात इंजिनं दुरुस्त करत नाही. तो बॉम्ब टाकायचं विमान चालवतो. तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ त्याने मला घातली आहे. मी इथे विमानांच्या नाकाडावर चित्रं रंगवतो. कुणाला वाघ हवा असतो, कुणाला बायको. त्याने मात्र तुला काढायला लावलं, हसरी, कपाळावर बट आलेली.

परवा विमान परतलं तेव्हा तुझ्या गालाची चाळण झाली होती. पोराला खरचटलंही नव्हतं. मेकॅनिकने भोकांवर पत्र्याची ठिगळं ठोकली आणि मी ब्रश घेऊन वर चढलो. ताई, हात उचलवत नव्हता. पुन्हा पुन्हा तुलाच बुजवायचं आणि तुलाच रंगवायचं, याचा आता वीट आलाय.

तो खाली उभा होता. म्हणाला, "मामा, या वेळी आईचे डोळे मिटलेले काढ."

"का रे बाबा?"

"मी काय करून येतो, ते तिने बघू नये."

मी तुला झोपलेली काढली.

आज तो सुखरूप परतला. विमानातून उतरल्यावर शिडी लावून तुझ्यापाशी चढला, तुझ्या कपाळावरची काजळी बाहीने पुसली आणि पायांचा आवाज न करता खाली आला. तू जागी होशील म्हणून.

तुझा थकलेला,
धाकटा