पहारेकऱ्याचं मरण

प्रिय भुंग्या,

सहा दिवस झाले, फोन उचलत नाहीस. तोंड फुगवून बसायची तुझी सवय पाळण्यातली आहे, मला नवी नाही. पण सिनेमावरून माझं नाव काढा, असं तू निर्मात्याला कळवलंस म्हणे! अरे, वेडा की काय? बाबांवरचा सिनेमा, पाच वर्षं उराशी जपलास, आणि खासगी खेळाला लोक नको तिथे हसले म्हणून टाकून निघालास? सूर बिघडलाय, दोन सिनेमे एकात शिवल्यासारखं वाटतंय, असं तो निर्माता म्हणाला. मेला बोलला ते खरंच आहे. फक्त दोष तुझा नाही. तुझी संहिता मी पुन्हा वाचली. त्यात हसण्यासारखी एक ओळ नाही.

दोष माझा आहे. तो कारखान्याचा पहारेकरी, 'टाकीत उतरला तेव्हा तो प्यायलेला होता' अशी बाबांबद्दल खोटी साक्ष देणारा, तू भेदरलेला लिहिला होतास. नटानंही जीव ओतला होता. संकलन करताना मी त्याचे सगळे जवळचे शॉट काढून टाकले. तालमीत तो टोपी पाडत, उचक्या देत चाळे करायचा, ते चुकून टिपलेले तुकडे शोधून शोधून लावले. त्याचा विदूषक केला मी. मग बापाचा सूड घ्यायला निघालेला नायक त्याला टाकीत बुडवतो तेव्हा लोक हसतात, आणि ते हसू ओसरायच्या आत पडद्यावर आई रडायला लागते. त्या रात्री तिच्या रडण्यालाही लोक हसले ना, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संकलन ताईकडे म्हणून तू डोळे झाकून निर्धास्त होतास, आणि मी केसानं गळा कापला.

का केलं, ते सांगते. बाबांच्या अपघाताच्या कंपनीच्या कागदावर 'साक्षीदाराच्या सांगण्यानुसार' एवढंच आहे, नाव नाही. तो कागद वाचतच तू मोठा झालास आणि पहारेकरी तू मनानं रचलास. बाबा गेले त्या दिवशी तू दीड वर्षाचा, तापानं फणफणलेला. म्हणून आईनं बाबांचा डबा माझ्याकडे दिला होता. मी कारखान्यात पोचले तेव्हा त्यांना टाकीतून नुकतं वर काढलं होतं. कारकुनानं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, अगदी मायेनं विचारलं की बाळ, बाबा काही प्यायले होते का, तसं असेल तर औषध वेगळं द्यावं लागतं, लवकर सांग. बाबांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. पण मला वाटलं, हो म्हटलं की औषध मिळेल. मी मान हलवली. त्यानं लिहून घेतलं, आणि कंपनीनं सगळा दोष बाबांवर ढकलला. आईला हे शेवटपर्यंत सांगायचं धाडस झालं नाही.

तुझा नायक ज्याला सगळ्यात आधी मारतो, तो पहारेकरी नाही रे, मी आहे. ते मरण मला गंभीरपणे बघवेना, म्हणून मी त्याचा तमाशा केला. काल त्याचे सगळे शॉट परत जागेवर लावले. भेदरलेला चेहरा आता पूर्ण दिसतो. सिनेमा शनिवारी सेन्सॉरकडे जाईल, तोवर बदल करता येतो. त्याला बुडवायचं की सोडायचं, हे तुझं तू ठरव. तू म्हणशील तसं मी कापीन, एक शब्द बोलणार नाही. फक्त फोनवर नको सांगूस, इथे माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बस आणि सांग. मी नऊ वर्षांची होते रे.

तुझीच, अजून त्या स्टुलावरून न उठलेली,
ताई