कपाटाच्या मधल्या सांध्याबाबत

मी, साखरबाई संभाजी सुतार, वय ६९, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार सणसर, ता. इंदापूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. प्रकृती बरी आहे. झोप लागत नाही.

१) घराच्या दोन खोल्या थोरला दादासो याला, दोन धाकटा रविराज याला.

२) यजमानांचे रंधे व पटाश्या दादासोला, तो सुतारकाम करतो. काटकोन तपासायचा गुण्या रविराजला, त्याने मागितला होता. जाऊबाई फुलाबाई यांना माझ्या साड्या देऊ नयेत. त्यांना एकही कधी पसंत पडली नाही.

३) मधल्या खोलीतले सागवानी कपाट हे यजमानांचे शेवटचे काम. कोपऱ्यांना त्यांनी कुसू भोकात बसवून चिकटवायचा सरस भरला. मधला सांधा मात्र दोन पाचरींवर कोरडा ठेवला. पाचरी काढल्या की एका कपाटाची दोन होतात. मी म्हटले, इथेही सरस लावा, म्हणजे पोरे वाटून घेणार नाहीत.

ते म्हणाले, "सरसानं भाऊ चिकटत असते तर आख्ख्या सणसरला डबा पुरवला असता की मी. जितं उकलायचं हाय तितं सांधा कोरडाच बरा."

ते गेले. चौदाव्या दिवशी दोघे भाऊ कपाट बाहेर काढायला खोलीच्या दाराची रुंदी मोजताना दिसले. दुपारी घरात कोणी नसताना मी पाचरी सैल केल्या, सांध्यात सरस ओतला आणि पाचरी पुन्हा ठोकल्या.

गेल्या महिन्यात रविराज बारामतीहून टेम्पो घेऊन आला. पाचरी निघाल्या, कपाट उकलले नाही.

"दादा, माझा हिस्सा अडवायला चिकटवलंस व्हय?"

"बापाच्या कामाला मी हात लावीन?"

"बाप माझा न्हाय का?"

मी चहा ठेवायला आत गेले. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. दादासोचा यात काही दोष नाही.

४) कपाट मधल्या सांध्यावर कापावे. एकाने करवत चालवावी, दुसऱ्याने कपाट धरावे.

५) हे माझ्या मृत्यूनंतर वाचावे असे आधी लिहिले होते, ते खोडले आहे. मी अजून दहा वर्षे जगले तर? दोघांना आज संध्याकाळी बोलावले आहे. कलम तीन व चार साक्षीदार निकिताताईंनी वाचावे, माझ्याने वाचवणार नाही. मी तिथेच बसेन.

लिहून देणार: साखरबाई संभाजी सुतार (सही)

साक्षीदार:
निकिता माऊली भोईटे, अंगणवाडी सेविका (सही)
सावळाराम रघू काळकुटे, शेजारी (सही)

सणसर, दि. १४ नोव्हेंबर २०२४